नाकावाटे गेलेला आळ

रत्नागिरी, मंगळवार

तीर्थस्वरूप धोंडूतायस धाकट्या आनंदाचा, डॉक्टरांनी वाकायला मनाई केल्यामुळे, ताठ उभ्यानेच नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? बाणकोटला यंदा कोळंबी बरी लागते असं ऐकतो. इकडे मी बरा आहे आणि माझ्यावर नजर ठेवून लेक नम्रता दमली आहे, तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच ना. फोन सोडून पत्र कसलं, असं म्हणशील. पण तू फोन स्पीकरवर टाकतेस, मग मध्ये दाजी बोलतात, शेजारीण बोलते, तुमचा तो कुत्रासुद्धा बोलतो. हा विषय तसा नाही. शालनवरून (तुमच्याच गावची ती, नवरा गेल्यापासून इथे मासळी विकते) माझ्याबद्दल जे तुझ्या कानावर आलं, आणि ज्याच्यामुळे तू गणपतीपासून माझ्याशी धड बोलत नाहीस, ते साफ खोटं आहे, एवढं वैद्यकीय पुराव्यानिशी कळवायचं आहे.

तुला ठाऊकच आहे, बंदरावर लिलाव मी पुकारतो. ढिगाभोवती बायका गोल करून उभ्या राहतात. बोली ओरडून कोणी लावत नाही, सखू भुवई उडवते, दुसरी बोट हलवते, तिसरी पदर ओढते. पुकारणाऱ्याने सगळीकडे एकदम बघायचं, हेच त्याचं कसब. तर नारळी पौर्णिमेनंतर झालं असं, की सुरमई शालनला, पापलेट शालनला, म्हाकूलही शालनलाच जायला लागलं. ती माझ्या नाकासमोर उभी राहायची, आणि मला तेवढीच दिसायची. सखू कोकलायची, "मेल्या आनंदा, माझी भुवई पार टाळूवर गेली, तुला दिसत नाही काय?" मला खरंच दिसत नव्हतं गो! पण बंदरावर बोभाटा व्हायचा तो झालाच. शिवाय मी दारांना खांदे आपटत होतो, बाजूने जाणाऱ्यांना नमस्कार करत नव्हतो, म्हणून आनंदाला माज आला असंही ठरलं. शेवटी हातखंब्याला रस्ता ओलांडताना कडेने आलेला टेम्पो दिसला नाही. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला आणि आईवरून शिवी दिली (तुझीही आई तीच, म्हणून कळवतो), तेव्हा नम्रताने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं.

त्यांनी एका मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ सभ्यपणे बसून राहिलो आणि म्हटलं, साहेब, तुमचं मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत होतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते म्हणे, तिच्यावर गाठ वाढून ती डोळ्यांच्या नसा दाबत होती, म्हणून दोन्ही कडा गेल्या होत्या आणि मधलं तेवढं राहिलं होतं. गाठ काढली नाही तर मधलंही जाईल, असं त्यांनी चहा सांगावा तशा आवाजात सांगितलं. भ्यालो, ताय. तुला कळवलं नाही, कारण तू रुसलेली होतीस आणि मग मीही रुसलो. आता चीड, हवं तेवढं.

ऑपरेशन मुंबईला ठरलं. मेंदूचं म्हणजे डोकं उघडणार, हे मी गृहीत धरलं आणि उगाच तिथल्या लोकांना त्रास नको म्हणून निघायच्या आदल्या दिवशीच इथे गुळगुळीत गोटा करून घेतला. मुंबईच्या डॉक्टरांनी डोक्याकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, घरात कोणी गेलं का? मग कळलं, ते नाकातून जाणार होते. एका नाकपुडीतून कॅमेरा, दुसरीतून हत्यारं, आणि गाठ खरवडून बाहेर. माझं नाक आजवर सर्दीलाच उपयोगी पडलं होतं. आत बूच म्हणून माझ्याच मांडीची चरबी लावली (लहानपणी मला जाड्या म्हणायचीस, ती कामाला आली). नंतरचे नियम असे, की नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. शिवाय प्यालेलं पाणी आणि झालेली लघवी दोन्ही मोजतात. ते काम नर्सबाई इतक्या मन लावून करायच्या की मला कमी झाली तर अपराध्यासारखं वाटायचं. वास अजून येत नाही. घरात सुकट भाजली तरी पत्ता लागत नाही. मासळीच्या धंद्यात ही गैरसोय म्हणायची की सोय, ते ठरायचं आहे.

पण कडा परत आल्या! डॉक्टरांनी ओरडायची परवानगी दिल्यावर बंदरावर गेलो. गोटा बघून अर्ध्या लोकांनी आधी सांत्वन केलं. ते आटपल्यावर मी क्रेटवर चढलो, डोक्याची फिल्म उन्हात धरली आणि सगळ्यांना समजावून सांगितलं की शालनचा आणि माझा काही संबंध नाही, दोष ग्रंथीचा आहे, समोर खांब उभा असता तर मी खांबालाही सुरमई दिली असती. सगळे पोट धरून हसले. सखूने माफी मागितली. शालन टोपली उचलून चालती झाली. असा माझ्यावरचा आळ गेला, तिचंही नाव साफ झालं, आता तूही राग सोड.

तुझा धाकटा,
आनंदा

ता. क. इकडे आलीस तर कुळथाचं पीठ आण.

ता. क. दुसरा. त्या दिवसापासून शालन समोर उभी राहत नाही. डाव्या कडेला उभी राहते, जिथलं मला आधी दिसायचं नाही, बरोबर तिथे. आता सगळं दिसतं, म्हणून तेही दिसतं. खांबाचं मी बोललो ते फार वाईट बोललो. खांबासाठी कोणी पहाटे उठून दाढी करून बंदरावर जातं काय? तुझ्या गावची आहे, तुझं ऐकेल. ये आणि तिला विचार. माझी छाती होत नाही. वैद्यकीय पुराव्याचं वर लिहिलंय, ते तेवढं तिला दाखवू नकोस.

ता. क. तिसरा, हा माझा, नम्रताचा. आत्या, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय आणि बाबांना वाटतं मी वाचत नाही. शालनकाकीला मी कालच विचारलं, अशी कडेला का गो उभी राहतेस? म्हणाली, "त्याला आता दिसतंय ना? मग वळवू दे की मान." तू ये, पण घाई नको. काकी म्हणते, आधी डोक्यावर केस येऊ देत.