चारशे घरांचा मसाला आणि अप्पांचा ओटीपी

३ मार्च, सोमवार
दुकानातला कॉम्प्युटर पुन्हा बसला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं आणि आधी शिंकतच सुटला. आत मिरचीपूड! पंखा लालभडक. म्हणे, "वहिनी, ह्यात नुसतं पाणी घातलं तरी कालवण होईल." हसले खरी, पण वेळ वाईट. सीझन तोंडावर आलाय. चारशे घरांच्या मसाल्यांची प्रमाणं त्या एका डब्यात. कोणाला धणे जास्त, कोणाला बडीशेप नकोच. माणसं वर्षातून एकदा मिरच्या सुकवून आणतात आणि म्हणतात, 'नेहमीसारखा कुटून द्या.' तो नेहमीसारखा हरवला तर लालबागमध्ये आम्हाला कोण विचारणार?
संध्याकाळी चालू झाला. किती दिवस टिकतोय बघू.
दुकानाचा स्वतःचा मसाला तर त्यातही नाही. तो फक्त अप्पांच्या डोक्यात. मी सून, मला सांगणं सोडाच, पोटच्या मुलाला, म्हणजे ह्यांनाही सांगितलेला नाही. पडद्यामागे स्वतः वजन करतात आणि मग कुटायला देतात. दिवाळीत हॉस्पिटलात होते तेव्हा मसाला बंद. गिऱ्हाइकं परत गेली.  

७ मार्च, शुक्रवार
मेघना येऊन गेली. शाळेत एका बाकावर बसायचो, आता कंपन्यांना कॉम्प्युटरचं काम शिकवते. म्हणाली, सगळं क्लाउडवर टाक. म्हणजे यादी राहणार मोठ्या कंपनीच्या मशीनवर, आपण नेटवरून कुठूनही उघडायची. दुकानातला डबा मिरचीने मरो नाहीतर पाण्याने. उद्या दादरला दुसरं काउंटर काढलं तरी यादी तीच. मी तर मनात काउंटरला रंगसुद्धा दिला!
मग तिनेच पाणी ओतलं. नेट गेलं की हात बांधलेले. भाडं कायमचं, आणि ते कंपनी वाटेल तेव्हा वाढवणार. पासवर्ड भलत्याच्या हातात पडला तर चारशे घरं एका झटक्यात उघडी. "आणि सगळं एकाच ठिकाणी कधी ठेवायचं नाही हां. एक कॉपी आपल्याजवळ पाहिजेच."
अप्पा खुर्चीत डोळे मिटून. झोपलेत असं वाटलं. ती निघताना बोलले, "लोकांनी घरातली गोष्ट विश्वासाने आपल्याकडे दिली. ती आपण तिसऱ्याच्या घरी नेऊन ठेवणार. विचारलंस त्यांना?"
राग आला. बरोबर बोलले म्हणून जास्त आला.

९ मार्च, रविवार
विचारलं. आलेल्या प्रत्येकाला, आणि उरलेल्यांना फोनवर विचारतेय. बहुतेक जण म्हणतात ठेव. एक म्हणाली, "माझं मलाच पाठव गं, मी दरवर्षी विसरते." एकट्या परबकाकू नाही म्हणाल्या. "नको गो बाय, माज्या सासूचो मसालो तो. खंय जायत, कोणाक म्हायत!" बरं म्हटलं. त्यांचं नाव यादीतून काढलं, प्रमाण अप्पांना पाठ आहेच. अप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. एक मत पडलं तर निवडणूक जिंकल्यासारखे बसले होते.

१५ मार्च, शनिवार
अप्पा राजी झाले! पण अट घातली. नव्या मशीनवरून कोणी यादी उघडायला गेलं की ओटीपी त्यांच्या फोनवर यायला हवा. "किल्ली माझ्याकडे." मेघनाला वाटलं होतं त्याहून अप्पा हुशार निघाले, सिक्युरिटी अशीच करतात म्हणे. एक कॉपी पेनड्राइव्हवर. तो अप्पांच्या कपाटात, कपाटाची किल्ली अप्पांच्या कनवटीला. थोडक्यात, सगळं क्लाउडवर, आणि क्लाउड अप्पांच्या खिशात.

२७ मार्च, गुरुवार
रस्ता खणला, नेट गेलं. दुपारपर्यंत बोंब. अप्पा इतके खूश की चहा मागवला सगळ्यांना. डझनभर घरांची प्रमाणं तोंडपाठ सांगितली, तेराव्याला अडकले. तेव्हा कुठे कनवटीची किल्ली सोडून पेनड्राइव्ह काढून दिला. संध्याकाळी मी दुसऱ्या कंपनीचं मोबाईल नेट घेऊन आले. आता एक गेलं तर दुसरं.

२० एप्रिल, रविवार
दमलेय, तरी लिहिते. आनंदाने!
सीझनमधला सगळ्यात मोठा रविवार. रांग थेट कोपऱ्यापर्यंत. साडेअकराला कॉम्प्युटर फट् झाला, वास आला, गेला. घाबरले नाही. नवा टॅब काढला, पासवर्ड टाकला. ओटीपी मागितला. ओटीपी अप्पांच्या फोनवर, आणि अप्पा शीवला आत्यांकडे जेवायला, कनवटीच्या किल्लीसकट.
फोन स्पीकरवर लावला. "अप्पा, नंबर आलाय बघा, तो सांगा."
"ओटीपी कोणाला सांगायचा नाही. बँकेने तसा मेसेज पाठवलाय."
"अहो, मी शिल्पा बोलतेय!"
"असंच बोलतात सगळे. आवाजसुद्धा काढतात हुबेहूब."
रांग ऐकतेय. परबकाकू सगळ्यात पुढे, तोंडाला पदर लावून हसतायत. मी कपाळाला हात लावला. अप्पा म्हणाले, "खरी असशील तर सांग, मी चहात साखर किती घालतो?"
"डॉक्टरांनी बंद केलीय. मी आत गेले की तुम्ही चोरून दोन चमचे घालता. मला माहितीये, मी डबा मोजून ठेवते!"
पलीकडे ते खाकरले. मग हळूच, "लिही."
तोवर तो नंबर बाद झाला होता. दुसरा मागवला. तो त्यांनी एकेक आकडा दोनदा वाचून दाखवला, वर परबकाकूंचं प्रमाणही सांगितलं. टॅब उघडला. एक परबकाकूंचं सोडून सगळी घरं जागच्या जागी! रांगेत कोणीतरी टाळ्याच वाजवल्या. मी ओरडले असेन, कारण घसा बसलाय. दुपारभर मसाला कुटायचा डंक एकदाही थांबला नाही. एकही घर परत गेलं नाही. एकही!
जाताना परबकाकू म्हणाल्या, "आमचो पण घाल गो त्यात. तुझो सासरो राखणीक असताना चोराक काय गावणार नाय."

२१ एप्रिल, सोमवार
अप्पा चहा बिनसाखरेचा प्यायले. माझ्यासमोर. मीही साखरेचा डबा मोजला नाही. टॅबला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, मिरचीसाठी.

२ मे, शुक्रवार
सकाळी पडदा उघडाच ठेवला अप्पांनी. "टॅब आण." मला कळेना. म्हणाले, "आपला लिही." हे बँकेत कामाला, तिथे फोन करून सांगावंसं मला वाटलं, पण उठले तर अप्पांचं मन बदलेल म्हणून हललेच नाही.
बेडगी मिरची किती, संकेश्वरी किती. धणे. खसखस. दगडफूल, ते भाजायचं कसं तेही. माझी बोटं टॅबच्या काचेवरून घसरत होती. डोळे भरले तर मिरचीवर ढकलून दिलं.
मग अप्पा थांबले. "झालं?" मी विचारलं.
"एक राहिलं."
"कोणतं?"
"ते माझ्याजवळ राहू दे. सगळं एका ठिकाणी ठेवायचं नाही. तुझ्या मेघनानेच सांगितलं होतं ना?"
आणि उठून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले, पाठीमागे हात बांधून.
चिडावं की हसावं? मी हसले. इतकं सांगितलं, हेच केवढं आहे. पण ते एक कधी सांगतील, की नाहीच...
शेवटची ओळ कोरी सोडवेना. पदार्थाच्या जागी 'अप्पा' लिहिलं. प्रमाणाची जागा रिकामी आहे. सेव्ह केलंय.