पायातून सुटलेली चप्पल

खामगाव, मंगळवार संध्याकाळ

त्या माणसाचं बोलणं डोक्यातून जात नाहीये. वरवट बकालहून आले होते. त्यांच्या पोरीला माझाच आजार, मल्टिपल स्क्लेरॉसिस. त्यावर उपाय म्हणून मी मानेच्या शिरा फुगा घालून रुंद करून घेतल्या होत्या, हे कुठूनतरी त्यांना कळलेलं.

"फरक पडला का, मॅडम?"

खरं तेच सांगितलं. महिनाभर पाय हलके वाटले, चालताना चप्पल सुटत नव्हती. मग पुन्हा जैसे थे. डॉक्टर आता म्हणतात, त्या उपचारात काही अर्थच नव्हता. मग तो महिना काय होता? माझ्या मनाचा खेळ?

चहा ठेवायला उठले. दाराशी पोचल्यावर पाहिलं तर एक चप्पल मागेच राहिलेली. सुटल्याचं कळलंही नाही. त्यांनी ती उचलून माझ्या पायाशी आणून ठेवली. आता तरी समजले असतील, असं वाटलं.

"एक महिना पुरते आमाले," ते म्हणाले. "तेवढ्यात पोरीले पाह्याले पाव्हणे बलावतो. पोह्याचा ट्रे घेऊन चालत आली पायजे, बस."

मी चपलेकडे पाहत राहिले. त्यांनीही पाहिलं.

"आमच्या घरात त चप्पल नसतेच ना, मॅडम."