पुढे जायचं का?

प्रिय ब्लेसन,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस.

काल तुझा मेसेज आला. लग्नाचं मेलवर कळवून महिना झाला, आबांनी साधं उत्तर दिलं नाही, आता त्यांनी लग्नाला यायचंच नाही. सख्ख्या बहिणीला तुझं लग्न असं कळतंय, तेही सोडून देते. पण आबांना दोष देतोस, लाज वाटत नाही?

भांडून दौंडला निघालास तेव्हा तूच म्हणालास, बोलायचं असेल तर मेल करा. तो मेलही तूच बसवलेला, घरचा सर्व्हर म्हणून चारचौघांत मिरवलेला. त्याच्या सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हर खरा असल्याच्या दाखल्याची, मुदत संपली, तू ढुंकून पाहिलं नाहीस. आबांनी मेल उघडला की इशारा येतो, या सर्व्हरची खात्री पटत नाही, तरी पुढे जायचं का? मी असते तर 'हो' दाबून मोकळी झाले असते. आबा पडले चर्चचे पाळक. परगावाहून आलेल्या माणसाकडं आधीच्या पाळकाचं पत्र नसेल, तर त्याला त्यांनी कधी मंडळीत दाखल करून घेतलं नाही. त्यात शेजारच्या पूनमनं सांगितलं की या सर्टिफिकेटवर सहीसुद्धा ब्लेसनचीच आहे. आबा म्हणाले, "सोताच सोताची साक्ष देऊन चालत न्हाई. पन आपल्या पोराचं हाय, त्यालाच इचारू आन् मग दाबू."

आणि त्यांनी विचारलं रे. दर रविवारी उपासनेहून आले की चप्पल काढायच्या आधी तुला फोन लावायचे. तू कापायचास. तुला वाटलं असेल, म्हातारा भांडण उकरून काढतोय. त्यांना फक्त 'दाबू का' एवढंच विचारायचं होतं. फोन ठेवून म्हणायचे, कामात असंल. तेव्हा तुझा जो संताप यायचा, तो अजून गेलेला नाही.

काल मीच जाऊन 'हो' दाबलं. तुझा मेल वाचला. 'आबा, आशीर्वाद तुम्हीच द्यायचा, दुसरा पाळक मला नको,' असं शेवटी लिहिलंयस. मी तो बंद केला. आबांना त्यातलं अक्षरही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. माझाही फोन कापतोस आणि एवढं सगळं मेसेजात मावत नाही, म्हणून हे पोस्टानं पाठवतेय. लग्नाआधी शिरूरला ये, दारात उभा राहा आणि तोंडानं सांग. तुझ्याकडं ते कुणाचं पत्र मागणार नाहीत.

नाइलाजानं का होईना, तुझीच,
सारा