आठवी फासळी

ओल्शिना, ५ नोव्हेंबर १९८४

ती. बाबांस,
ब्रिगिदाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. आरोग्यधामातलं दूध-भाताचं जेवण गिळून घ्या, तक्रार करू नका. काल रविवारी गेरार्ददादा येऊन गेला. चौदा डम्पलिंग खाल्ले आणि मग मुद्द्यावर आला. डॉक्टरांचा कागद त्यालाही गेलाय: कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या माणसाने सहा महिने जिना चढायचा नाही. तुमची झोपायची खोली वरच्या मजल्यावर. म्हणून तो म्हणतो, बाबांनी सरळ माझ्या शहरातल्या फ्लॅटवर यावं. लिफ्ट आहे, खोली रिकामी केलीय. मायेनेच म्हणतो, पण जाताना तुमचं कपाट मोजत होता ते मी पाहिलं. एकदा गेलात की परत येणं कसलं!

खाली उत्तरेची बैठकीची खोली आहे, पण तिथे खोली तापवणारा रेडिएटर नाही. पाद्रीबाबा वर्षातून एकदा येऊन बसतात तेही कोट न काढता. खाणीतले फिटर ईस्टरपर्यंत मोकळे नाहीत. तेव्हा मी ठरवलंय, तिथे रेडिएटर मीच लावणार. जुनी बालवाडी पाडतायत, तिथून आठ फासळ्यांचा बिडाचा रेडिएटर मिळालाय. शेजारचे एवाल्दकाका पाइपांना आटे पाडून देतो म्हणाले. खाणकामगारांच्या संत बार्बराच्या दिवशी पहाटे खाणीचा बँड त्याच खिडकीखालून जातो. चार डिसेंबरला तो तुम्ही घरातूनच ऐकायचा.

राग येईलच, पण तो पत्रातच ठेवा आणि आमच्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
ब्रिगिदा

•

आरोग्यधाम, खोली १४
११ नोव्हेंबर

चि. ब्रिगिदास,
अ. आ.

आधी हात मागे घे, मग पुढचं वाच! ती पाइपलाइन मी त्रेपन्न साली टाकली. एकतीस वर्षांत एक थेंब गळला नाही. पंप नाही, मोटर नाही. तळघरात कोळसा पेटला की पाणी आपल्या पायांनी घरभर हिंडून परत येतं. ते चालतंय कारण कुणी त्यात बोट घातलं नाही. तू दिव्यांच्या खोलीत काम करतेस, खाणकामगारांचे दिवे उत्तम सांभाळतेस, ते सांभाळ. पाइप हे तुझं काम नव्हे. एवाल्द आटे चांगले पाडतो, पण अक्कल विचारायची तर त्याच्या बोकडाला विचारलेली बरी.

गेरार्दला मी होकार कळवलाय. एक डिसेंबरला तो कपाट न्यायला येईल. चौथ्या मजल्यावर बँड ऐकू येत नाही म्हणतात. न येवो. म्हाताऱ्याला ऊब मिळाली की झालं. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या आईच्या हयातीत जे नीट चाललं ते माझ्यापायी बिघडायला नको.

आयोडीनच्या पाण्यात बसवून बसवून माझं लोणचं झालंय. प्रकृतीला जप.

तुझा बाबा,
या घराचा फिटर

•

ओल्शिना, १८ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. रेडिएटर बुधवारीच लागला होता. आता काय करता!

सगळं सांगते. रेडिएटर अंगणात पालथा घालून धुतला, आतून बालवाडीचा तीस वर्षांचा गाळ निघाला. सगळ्या लाइनचं पाणी सोडलं, जिन्याखालचा पाइप कापून तीन तोंडांचा टी बसवला, प्रत्येक जोडाला काथ्या आणि सफेदा लावून पाना आवळला. हाताला फोड आले. पाणी भरलं, बॉयलर पेटवला. बाबा, एकही जोड गळला नाही.

पण गरम होते ती पहिलीच फासळी. उरलेल्या सात थडग्यासारख्या गार. चार दिवस कोळसा ओतते आहे, ढिम्म नाही. गेरार्ददादाने येऊन हात लावला आणि माझी पाठ थोपटली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक कबुली देते. आपल्या घरातले सगळे पाइप तिरके आहेत याची मला लहानपणापासून लाज वाटायची. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या जेवणाला आलेल्या मुलींनी विचारलं होतं की तुझे बाबा पिऊन पाइप टाकतात का. मी जेवले नव्हते त्या दिवशी. म्हणून यावेळी, पाद्रीबाबांच्या खोलीत तरी वाकडं काही दिसू नये म्हणून, पाणसळ लावून सगळं सुतात बसवलं. बुडबुडा अगदी मधोमध. मग चुकलं कुठे? अभिमान गिळून विचारते आहे, तुम्हीही जरा गिळून सांगा.

लोभ आटला नसेल अशी आशा धरणारी,
ब्रिगिदा

•

आरोग्यधाम, खोली १४
२० नोव्हेंबर

चि. ब्रिगिदास,
अ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की नर्स नाडी पाहायला धावली. अगं, चूक त्या पाणसळीत आहे! आपल्या लाइनीला पंप नाही. पाण्यात हवा असते, तिला वर जायला वाट लागते. सपाट पाइपात ती मध्येच बसकण मारते आणि पाणी अडतं. गरम पाइप रेडिएटरकडे चढता ठेव, मीटरला करंगळीएवढा. परतीचा बॉयलरकडे तेवढाच उतरता. रेडिएटरचं लांबचं टोक किंचित वर, आणि तिथे हवेची चावी. मी प्यायचो जरूर, पण पाइप टाकताना कधीच नाही. तो तिरकेपणा हीच माझी कारागिरी. तू एकतीस वर्षं तिची लाज बाळगलीस आणि मी कधी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही तेही लिहितो. मी गेरार्दला शिकवायचो, तो जांभया द्यायचा. तू जिन्याच्या पायरीवर बसून टक लावून बघायचीस आणि मी तुला दिवा धरायला लावायचो. चूक माझी आहे, पोरी.

आणि पहिल्याच झटक्यात एकही जोड गळला नाही? माझा पहिला जोड खाणीच्या इंजिनिअरसाहेबांच्या घरी छतातून तीन आठवडे ठिबकत होता! जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं. इथे उपचाराला आलेल्या एक पोस्टमास्तरीण बाई रडल्या.

जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. गेरार्द एक तारखेला येतोच आहे.

मनापासून आशीर्वाद देणारा,
बाबा

•

ओल्शिना, २७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सगळं उकललं, पुन्हा जोडलं. चढ मोजायला माझीच करंगळी लावली. शनिवारी बॉयलर पेटवला, चावी फिरवली, आणि हवा अशी फुसफुसत निघाली की एवाल्दकाकांनी टोपी काढली. मग एकेक फासळी तापत गेली. मी जमिनीवर बसून मोजत होते. आठवीला हात लागला तेव्हा रडले, सांगून टाकते.

दादा रविवारीच आला, कपाट आधीच नेऊन टाकतो म्हणाला. मी त्याला फक्त आठव्या फासळीला हात लावायला सांगितलं. त्याने लावला, चटका बसला, बोट तोंडात घातलं. मग एवाल्दकाकांना हाक मारून त्याने कपाट खाली आणलं खरं, पण गाडीत नाही, बैठकीच्या खोलीत. म्हणाला, बाबांना सांग, तीन तारखेला गाडी घेऊन मी येतो, पण घरी सोडायला.

पाइप भिंतीवर इतका तिरका दिसतो की बघत राहावं. या आता.

वाट पाहणारी,
ब्रिगिदा

•

आरोग्यधाम, खोली १४
२९ नोव्हेंबर

फिटर ब्रिगिदा हिस,
अ. आ.

सामान बांधून बसलोय. सोमवारी येतो, मंगळवारी पहाटे खिडकीशी खुर्ची मांडून ठेव. माझी हत्यारांची पिशवी तळघरात, खिळ्याला आहे. तिच्यावरची माझ्या नावाची अक्षरं उसव, तुझ्या नावाची घाल.

नाताळानंतर पाद्रीबाबा येतील, या वर्षी कोट काढतील, आणि हा वाकडा पाइप कुणी टाकला म्हणून विचारतील. तू गप्प बस. ते सांगायचा मान माझा.

लोभ आहेच, खोली गरम असावी ही विनंती.

तुझा बाबा,
या घराचा माजी फिटर