धाकट्याला ऐकू येतं ते

बाबा,

मंगळवार, दुपारचे सव्वातीन. आई रॉकेलच्या रांगेत आहे, धाकटा आतल्या खोलीत गोळी घेऊन झोपला आहे आणि मी स्टोव्हवरच्या दुधाकडे एक डोळा ठेवून लिहितो आहे. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. एक गोष्ट विचारायची आहे, ती तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

मी नववीतून शाळा सोडली तेव्हा तुम्ही मला ह्याच स्वयंपाकघरात कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसचं काम शिकवलंत, ट्रंकेच्या झाकणावर. मी ताटली आत सरकवायची, दोन्ही हात बाहेर काढायचे, ‘हां’ म्हणायचं, मग तुम्ही झाकण पाडणार. एकदा मी न बोलताच हात काढले, तर तुम्ही झाकण धरून ठेवलंत आणि जेवण होईपर्यंत रागावलात. पायडलवाल्याला तुझे हात दिसत नाहीत, म्हणालात, तो तुझ्या आवाजावर पाय टाकतो. धाकटा तेव्हा पाटावर बसून हसत होता.

तो मॅट्रिक झाला आणि माझ्याच प्रेसवर लागला. मी पत्रा लावतो, पायडल त्याच्याकडे. सुटल्यावर तो कारखान्यातल्या पोरांबरोबर पवनेच्या काठी बाभळींत जाऊन बसायला लागला. तिथं गांजाची चिलीम फिरते. हटकलं तर म्हणायचा, ‘सगळेच ओढतात, दादा. तुझ्यासारखं भीत बसलो तर जगायचं कधी?’ खरं सांगायचं तर बाकीच्या पोरांना काही झालेलं दिसत नाही. ती वेळेवर येतात, चेष्टा करतात, पगाराला नवा शर्ट घेतात. हा मात्र रोज ओढायला लागला तसा गप्प होत गेला. डबा हुंगून तसाच परत आणायचा. रात्र रात्र बसून राहायचा. कॅन्टीनवाला आपल्याच चहात काहीतरी घालतो, असं आईला सांगायचा. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मला वाटत होतं, नशा आहे, उतरेल.

गेल्या महिन्यात पहिल्या पाळीला मी पत्रा सरकवतो आहे, हात अजून डायच्या साच्याखाली आहेत, आणि प्रेस खाली येतो. हात कसे निघाले मला सांगता येणार नाही. हातमोज्याचं टोक आत राहिलं. वळून पाहिलं तर तो माझ्याहून जास्त घाबरलेला.

‘तू हां म्हणालास की, दादा.’

‘मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.’

‘मग कोण म्हणतंय? घरी पण म्हणतंय ते.’

मी तसाच फोरमनकडे गेलो. धाकट्याला नोकरीत कायम व्हायला थोडेच महिने राहिले होते. फोरमननी मला बाजूला घेतलं, भाऊ आहे तुझा, नीट विचार कर, म्हणाले. मी म्हटलं, त्याला आजच्या आज मशीनवरून काढा. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गांजाचं नाव काढल्यावर आईनं मला कोपरानं ढोसलं, तरी मी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना असं होत नाही. काहींच्या डोक्याला ते झेपत नाही, त्यात हे वय कोवळं. गांजा कायमचा बंद, गोळ्या रोज. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का? आई लगेच नाही म्हणाली. मला काका आठवले. विशीत घर सोडून गोसावी झाले, एवढंच आम्हाला सांगितलेलं. देहूला गेलो की तुम्ही प्रत्येक जटावाल्याच्या तोंडाकडे निरखून बघायचात. बाबा, ते खरंच गोसावी झाले, की त्यांनाही कुणीतरी हाक मारत होतं? मी विडीसुद्धा ओढत नाही. तरी हल्ली जेवणाच्या सुट्टीत प्रेस बंद झाला की मी कान देऊन उभा राहतो.

धाकटा उठायच्या आत हे कागद फाडून टाकीन. आईला वाचता येत नाही, त्याला येतं, आणि आपल्याविषयी कुणीतरी लिहून ठेवतंय असं त्याला तसंही वाटतं. आई औषधाच्या खिडकीशी गेली तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं होतं, हा बरा होईल ना? होईल म्हणाले, असं मी आईला सांगितलं आहे. ते तसं म्हणाले नव्हते. ‘बघू’ म्हणाले.