बंबावरचा माणूस

॥ श्री ॥
पिंपरी, ता. १६ मार्च १९८२

ती. कुसुमवन्संना शालनचा नमस्कार.

इकडं सगळं ठीक. तिकडंही ठीक असेल असं मीच ठरवून टाकते, कारण तुमचं पत्र म्हणजे दिवाळीचा फराळ, वर्षातनं एकदा. माझं अक्षर लागत नसेल तर शेजारच्या मास्तरांना वाचायला देऊ नका. चष्मा लावा आणि स्वतः वाचा. तुम्ही चौथी शिकलात, मी दुसरीतनं उठले. तरी मी लिहितेय, मग तुम्हाला वाचायला काय झालं?

शैला रहाटणीला सुखात आहे. जावई नंदकिशोर सेकंड शिफ्टला असले की ही उठून माझ्याकडं येते, डब्यातले शेंगदाणे संपवते आणि वर मलाच शिकवते. सासू चांगली मिळाली तिला. माझ्यासारखी तोंडाची नाही. माझी दवाखान्यातली नोकरी चालू आहे. बाळंतिणी ओरडतात, मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडते, मग त्या गप्प होतात.

बंब गळायला लागला होता. अंगणात सकाळी नुसता चिखल. तुम्हाला ती बंबाची गोष्ट आठवते का? मध्यस्थानं माझ्या वडलांना सांगितलं होतं, मुलगा पिंपरीला बंबावर आहे. वडील घरी येऊन म्हणाले, पोरीनं नशीब काढलं, आंघोळीचे बंब करतात त्या कारखान्यात जावई आहे, घरात तांबंच तांबं असणार. आम्ही गावभर तसंच सांगितलं. पिंपरीला येऊन बघते तर पाणी तापवायला एक काळं भगुलं. मी म्हटलं, बंबवाल्याच्या घरात बंब नाही? तेव्हा तुमच्या भावांनी मला नेऊन त्या लाल गाडीपुढं उभं केलं. म्हणाले, "हा आमचा बंब. ह्यात पाणी तापत नाही, ह्यातल्या पाण्यानं तापलेलं थंड करायचं." मी चारचौघांत म्हणाले, माझ्या वडलांना फसवलंत. ठाण्यावरची सगळी माणसं पोट धरून हसली.

तेव्हापासून तुमचे भाऊ दर दिवाळीला म्हणायचे, यंदा तांब्याचा बंब आणतो. तो काही आला नाही. मग भोसरीकडं ते रंगाचं गोदाम पेटलं, भिंत आली, आणि तुमचे भाऊ आणि त्यांच्याच गाडीवरचा भीमराज दोघं तिच्याखाली राहिले. ते तुम्हाला मी काय सांगू. तेराव्याला बंबावरच्या माणसांनी हा तांब्याचा बंब आणून माझ्या दारात ठेवला. तुम्ही चिडलात, दुःखाच्या घरात भांडी कसली आणता म्हणालात. मीही चिडले होते. पण पाणी चांगलं तापतं.

तर तो बंब कोंडाजींनी दुरुस्त केला. तुमच्या भावांच्या जोडीचे कोंडाजी, तुम्ही बघितलंय त्यांना. रहाटणीचे, उंच, एक कान भाजलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. तोटीला नवा वायसर घातला, दुसऱ्या रविवारी येऊन चिंच लावून घासला, तिसऱ्या रविवारी वरची नळी काढून काजळी झाडली. आता त्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही.

खरं काम पुढं. चौदा एप्रिलला या. मुंबईच्या गोदीत बंबावरची इतकी माणसं गेली, त्यांची आठवण म्हणून त्या दिवशी सगळ्या देशातले बंबवाले आपापल्या ठाण्यावर गोळा होतात. आमच्या ठाण्यावर त्यानंतर आपल्या माणसांची नावं पुकारतात, हजेरी घ्यावी तशी. घरातल्यानं उठून "हजर" म्हणायचं. भीमराजच्या नावाला त्याची आई यशोदाबाई म्हणते. पहिल्या वर्षी तुमच्या भावांचं नाव पुकारलं, मी उठले आणि माझा आवाजच फुटला नाही. माझा! सगळे खाली बघायला लागले. तेव्हा मागच्या रांगेतनं कोंडाजींनी "हजर" म्हटलं. तेव्हापासून दर वर्षी तेच म्हणतात.

तुम्ही एकदाही आला नाहीत. गावी राहायला ये म्हणालात, मी आले नाही, त्याचा राग किती दिवस धरायचा? राग गावीच ठेवा आणि या. यायचंच.

तुमची वहिनी
शालन

॥ श्री ॥
पिंपरी, ता. २ एप्रिल १९८२

ती. कुसुमवन्संना नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. पाकिटाचा कंटाळा केलात, त्यामुळं पोस्टमननं आधी वाचलं आणि माझ्याकडं बघून हसला. तुम्ही लिहिलंय, "लगीन झाल्यापास्नं माझ्या भावाला तू हे म्हणतीस. ह्यांनी असं केलं, ह्यांना तसं आवडतं. ह्या पत्रात नुस्तं तुमचे भाऊ, तुमचे भाऊ. शालन, हे कुटं गेलं?"

वन्सं, तुम्ही पोलिसात पाहिजे होता.

मला लांबण लावता येत नाही. मागच्या पत्रात लावली, ती तुम्ही लगेच पकडलीत. तर ऐका. कोंडाजी आणि मी पाट लावून घर मांडायचं म्हणतोय. मी काही वाईट करत नाही, म्हणून माफी मागणार नाही. पण तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून पत्र लिहायला बसले होते, आणि बसल्यावर बंबाचंच लिहीत राहिले.

झालं ते असं. बंब दुरुस्त झाला, आता कोंडाजींना यायला निमित्त उरलं नाही. तरी आले. म्हणाले, पेटवून बघतो, धुराची ओढ बरोबर आहे का. आता हा माणूस जन्मभर विझवत आलेला. पेटवायला घेतलं आणि अंगणभर धूर. शालनबाई खोकतेय, शेजारची चिमाबाई खिडक्या लावतेय, आणि हे रॉकेल मागतायत! मी म्हटलं, बाजूला व्हा. ते उठले नाहीत. तिथंच उकिडवे बसून म्हणाले, "रोज बाजूला व्हा म्हणता. एकदा हितंच थांबा म्हना की."

मी हातातली फुंकणी फेकून मारली. लागली नाही.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, सुटले. मग बंबाला टेकून बसले तर लक्षात आलं की मी रस्त्याकडं तोंड करून बसलेय. माझ्या घरात मी कधी रस्त्याकडं तोंड करून बसत नाही. शैला आली होती, तिनं बघितलं. म्हणाली, "आई, थांबा म्हणून टाक. नाहीतर तो बंब तूच हातोडीनं फोडशील आणि दुरुस्तीला बोलावशील." पोरगी माझ्यावर गेलीय. मी ठाण्यावर गेले, सगळ्यांदेखत म्हटलं, "थांबा." बाकीच्यांना वाटलं गाडीपुढं कोणी आलं.

वन्सं, मला बरं वाटतंय. चार माणसांत सांगायला लाज वाटते एवढं बरं वाटतंय. सकाळी चहा करताना कप दोन काढले जातात. तुम्ही पोटच्यासारखं ज्यांना वाढवलं, त्यांना मी विसरले असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. विसरले असते तर "हे" शब्द कुठं ठेवायचा याची मला एवढी पंचाईत पडली असती का? दोघांना एकच शब्द लावायचा कसा? म्हणून तुमचे भाऊ तुमच्याकडं दिले, थोडे दिवस ठेवायला.

आता अडलंय ते सांगते. कोंडाजी एका गोष्टीवर बसलेत. म्हणतात, "ज्याच्या बायकूशी पाट लावायचा, त्याच्याच नावाला मी हजर म्हनू? लोक हसतील ते हसू देत. त्यो हसंल." शैला म्हणाली, मी म्हणते हजर. तर म्हणाले, "तू म्हन की, पन तू तुझ्या आईच्या बाजूची. त्याच्या बाजूच्या थोरल्या मानसानं हितं येऊन उभं राह्यला पायजे. त्यांनी हजर म्हनलं तर मला कळंल, मला मोकळं केलं. न्हाई आल्या, तर मी दर साल हजर म्हनीन, आन् पाट न्हाई."

मी भांडले. ऐकत नाहीत. तुमच्या भावांनी त्या दिवशी ह्यांना गाडीतलं पाणी बघायला मागं पाठवलं आणि तेवढ्यात भिंत आली. तेव्हापासून हा माणूस त्यांची जागा धरून उभा आहे. जागा दुसऱ्या कुणी धरल्याशिवाय हलणार नाही, अशी ह्यांच्या खात्याची रीत आहे म्हणे. पाइप सोडायचा तर आधी दुसऱ्यानं धरायचा.

म्हणून तुम्हाला बोलावतेय. मागच्या पत्रात नुसतं या म्हटलं होतं, कशाला ते लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. नाही यायचं तर येऊ नका, मी परत लिहिणार नाही. पण दहिवडीहून सकाळची एस्टी आहे आणि स्वारगेटला नंदकिशोर उभे राहतील.

तुमची वहिनी
(हे तुम्हाला खोडायचं तर तुम्ही खोडा, मी खोडत नाही.)
शालन

॥ श्री ॥
पिंपरी, ता. ४ मे १९८२

ती. कुसुमआक्कांना शालनचा नमस्कार.

सुखरूप पोचलात असं नंदकिशोरांनी सांगितलं. गाडीत खिडकीसाठी भांडलात तेही सांगितलं. तुम्ही गेल्यावर घर गप्प झालंय. तुम्ही आणलेले हुलगे काल शिजवले. तुमच्यासारखं माडगं झालं नाही, तरी संपलं.

इथं लोकांना अजून दुसरा विषय नाही. दवाखान्यातसुद्धा मला विचारतात, त्या दिवशी बोललेल्या त्या म्हाताऱ्या बाई कोण? मी तुम्हाला काय शिकवलं होतं, आक्का? नाव पुकारलं की उठायचं, हजर म्हणायचं, बसायचं. एक शब्द. आदल्या दिवसापासून मी घोकून घेतला. बाहेर जयंतीची वाजंत्री चाललेली, तरी नावं पुकारणाऱ्या साहेबांचा आवाज खणखणीत आला. तुम्ही उठलात, पदर सावरलात, आणि शिवारातनं कुणी विचारल्यासारखं ओरडलात, "हाय! हितंच हाय त्यो!"

साहेब पुढचं नाव वाचायचं विसरले. कोंडाजी रांगेत सलाम ठोकायला हात उचलून तसेच राहिले, ना वर ना खाली. मग भीमराजचं नाव आलं, तर यशोदाबाईनंही हजर सोडलं. म्हणाली, "माझा पन हाय." आता पुढच्या वर्षीपासून सगळे असंच म्हणणार. खात्याची हजेरी तुम्ही मोडून आलात.

आणि घरी आल्यावर तुम्ही त्यांची परीक्षा घेतलीत. "जावयानं आधी बंब पेटवून दाखवावा." ते बंबापुढं उकिडवे बसले, भोसरीच्या आगीत घाबरले नसतील एवढे घाबरून. तुम्ही शेजारी बसून, खाली बारीक लाकडं घाल, वर कोळसा, फुंक आता हळू, असं सगळं सांगितलंत, आणि पेटला. तुम्ही त्या पाण्यानं आंघोळ केलीत, मग म्हणालात, "चालंल." मी स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून हसत होते. रडतही होते, ते तुम्हाला दिसलं, मला माहीत आहे.

अक्षय्य तृतीयेला देवळात तुम्हीच माझी ओटी भरलीत. भटजींनी विचारलं, मुलीकडचं कोण, तर तुम्ही म्हणालात, "मी. हिचं म्हायेर मीच." म्हणून आज वर वन्सं लिहिलं नाही. माझे आईवडील जाऊन इतकी वर्षं झाली. ह्या वयात मला माहेर मिळालं आणि ते सासरच्या बाजूनं मिळालं. कुणाला सांगितलं तर पटायचं नाही.

एस्टी सुटताना तुम्ही खिडकीतनं जे बोललात ते गाडीच्या आवाजात अर्धं गेलं, तरी मला कळलं. "हे त्येला म्हन आता. माझ्या भावाला नावानं हाक मार. सायब सालातनं एकदा पुकारतो, मी गेल्यावर रोजच्याला त्येला नावानं हाक मारणारं कोन ऱ्हाईल?"

आक्का, मला सवय नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, तेही तुम्ही दार अडवलंत म्हणून. शैलाच्या शाळेत नाव सांगायचं तर मी पाटीवर लिहून दाखवायची. पण काल सकाळी बंब घासायला काढला. रिकामा होता, झाकण काढलेलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी आत तोंड घातलं आणि म्हणून बघितलं.

ज्योतीराम.

तांब्याचा बंब, केवढा घुमला तो! आणि आतल्या खोलीतनं, दाढी करता करता, आठ वर्षांच्या सवयीनं ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "हजर!"

मग बाहेर आले. तोंडाला फेस, हातात वस्तरा, चेहरा असा की आता मी फुंकणी मारीन. मी मारली नाही. आम्ही दोघं अंगणात बसून इतके हसलो की चिमाबाई बघायला आली, काय झालं. तिला काय सांगणार? म्हटलं, बंब चांगला वाजतोय.

उन्हाळा संपायच्या आत परत या. पाणी तापवायला आता ह्यांना सांगावं लागत नाही.

तुमची, ह्यांची आणि ज्योतीरामची
शालन