वापरात नसलेलं

२ जून
नवी नोकरी, नवं शहर, कोरी पाटी. दवाखान्यांसाठी रुग्णनोंदणीचं सॉफ्टवेअर करायचंय, पहिल्या ओळीपासून. खिडकीजवळचं टेबल मिळालं. शेजारच्याला सगळे आजोबा म्हणतात, वय चाळीस. त्यानं आधी बरा चहा कुठे मिळतो ते सांगितलं, काम नंतर. घरी कोण कोण, असं विचारलं. एकटाच, म्हणालो. बायको सहा महिन्यांपूर्वी गेल्याचं इथे कुणालाच माहीत नाही. सांगणार नाही. त्यासाठीच तर आलो. तिचा कप ओट्यावर ठेवलाय, चपला दाराशी. एवढंच आणलं.

५ जून
तपासण्या बसवल्या. कोड जमा होण्याआधी त्या आपोआप चालतात. आधी मांडणी, मग चाचण्या, शेवटी माझा आवडता नियम: जे कुठेच वापरलं जात नाही, ते काढून टाकायचं. अपवाद नाही. तपासणी टाळायची सोय कुणालाच ठेवली नाही, मलाही नाही. आजोबा म्हणाला, यापेक्षा सासू परवडली. खूप दिवसांनी हसलो.
नमुन्यासाठी एक खोटा रुग्ण हवा होता. हातानं आपसूक तिचं नाव लिहिलं, तिची जन्मतारीख.

९ जून
नियमानं ती नोंद काढून टाकली. शेरा: वापरात नाही. बरोबरच आहे.
घरी आलो. ओट्यावर कप नव्हता.

१० जून
फुटला असेल, तर तुकडे कुठेत? चपलाही नाहीत. नोंद परत घातली. नाकारली. ती वापरणारी चाचणी लिहिली. दोन्ही काढली गेली.

११ जून
नियमच काढायला गेलो. तो बदलही तपासणीतूनच जातो. नाकारला. आजोबा म्हणाला, बाबा रे, कुलूप तूच लावलंस, किल्लीही तूच गिळलीस.

१२ जून
आईला फोन केला. म्हटलं, तिचे फोटो पाठव. आईनं हळूच विचारलं, कुणाचे रे?

१३ जून
भर दुपारी आजोबाला सगळं सांगितलं. तिचा आजार. फोनवर बोलताना घरभर येरझाऱ्या घालायची ती सवय. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. वहिनींचं नाव काय, विचारलं.
मी तोंड उघडलं—

१४ जून
ही वही पहिल्यापासून चाळली. तिचं नाव कुठेच नाही. नुसतं ती, तिचा, तिचं. सहा महिने मी ते एकदाही—

१५ जून
दोन अक्षरं होती. पहिल्याला ओठ मिटायचे, एवढं आठवतंय. आरशासमोर बसलोय. ओठ मिटलेत. आता फक्त उघडले की